सरासरी प्रवाशासाठी धावणारी बस

सार्वजनिक वाहतूक लोकांनी जास्त वापरावी असं सगळ्यांनाच वाटतं. इतरांनी वापरावी असं जरा जास्तच वाटतं. सर्वेक्षणात विचारलं तर "बस चांगली असती तर गाडी घरीच ठेवली असती" हे उत्तर हमखास मिळतं. त्यावर विसंबून नव्या बस रस्त्यावर आणल्या, की उत्तर देणाऱ्यांपैकी बरीच मंडळी थांब्यावर दिसत नाहीत. ती खोटं बोललेली नसतात. प्रत्येकाच्या मनातली चांगली बस निराळी असते, इतकंच. एकाला बसायला जागा हवी असते. दुसऱ्याला उभं राहायची हरकत नसते, पण मध्येच उतरून दुसरी बस पकडणं नको असतं. तिसरीला रात्री उशिरा थांब्यावर एकटीने उभं राहायची धास्ती वाटते. चौथ्याचा गुडघा दोन उंच पायऱ्या चढू देत नाही. पाचव्याला यातलं काहीच नको, फक्त नऊला पोचायचं असतं. नऊ म्हणजे नऊ, नऊ दहा नव्हे. या पाच जणांची सरासरी काढून जो प्रवासी तयार होतो तो कुठल्याच थांब्यावर उभा नसतो. मार्ग, वेळापत्रक आणि भाडं मात्र पुष्कळदा त्याच्याच मापाने बेतलेलं असतं.

प्रवासाचा वेळ माणसाला घड्याळाप्रमाणे जाणवत नाही, ही वाहतूक अभ्यासातली जुनी आणि पक्की गोष्ट. चालत्या बसमध्ये बसून गेलेलं एक मिनिट एक धरलं, तर थांब्यावर वाट पाहण्यात गेलेलं मिनिट साधारण दुप्पट जड वाटतं. चालण्याचं मिनिट दीडपट ते दुप्पट. बस बदलावी लागली तर चालणं आणि थांबणं वेगळं मोजूनही नुसत्या बदलाचा भार पाच ते पंधरा मिनिटांइतका असतो. आता एक साधा प्रवास घ्या: पाच मिनिटं चालून थांबा, आठ मिनिटं वाट, वीस मिनिटं बस, उतरल्यावर चार मिनिटं चालणं. घड्याळात ३७ मिनिटं. मनात मात्र चालण्याची अठरा, थांबण्याची सोळा आणि बसमधली वीस, म्हणजे ५४. हेच अंतर स्वतःच्या वाहनाने पंचवीस मिनिटांत कापणाऱ्याला "फक्त बारा मिनिटं जास्त लागतात" असं समजावणं व्यर्थ आहे, कारण त्याला जाणवणारा फरक एकोणतीस मिनिटांचा असतो.

याच हिशेबातून पैसा कुठे घालायचा तेही कळतं. बसचा वेग वाढवून वीस मिनिटांची सोळा केली तर चार वाचतात. फेऱ्या दुप्पट करून वाट पाहणं आठावरून चारावर आणलं तर मनातली आठ वाचतात. तरीही नव्या चकचकीत बसचं उद्घाटन होतं. त्याच जुन्या मार्गावर वाढलेल्या फेऱ्यांची फीत कोणी कापत नाही.

हे आकडे पुन्हा सरासरीचेच आहेत, हे मात्र विसरायचं नाही. प्रवासात वाचणाऱ्याला किंवा डुलकी काढणाऱ्याला बसमधलं मिनिट एकापेक्षाही हलकं वाटतं. कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेल्या बाईला एक बदल पंचवीस मिनिटांइतका जड वाटू शकतो. पावसात उघड्यावरच्या थांब्याचं मिनिट वेगळं, छपराखालच्या बाकावरचं वेगळं. आणि बस कधी येणार हे ठाऊक नसेल तर तेच मिनिट आणखी लांबतं. सिॲटलमध्ये झालेल्या एका अभ्यासात, बसची प्रत्यक्ष वेळ फोनवर न पाहणाऱ्या प्रवाशांना आपण थांबलो त्याहून जास्त वेळ थांबलो असं वाटत होतं. वेळ पाहणाऱ्यांचा अंदाज खऱ्याच्या जवळ होता.

मग इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या लोकांपैकी कोणाकडे आधी पाहायचं? इथे डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडतं. सॅन फ्रान्सिस्को खाडी परिसरात १९७२ मध्ये बार्ट ही रेल्वे सुरू झाली. ती किती लोक वापरतील याचा अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता. मॅकफॅडन यांनी प्रत्येक व्यक्तीचा वेळ, खर्च आणि तिच्यापुढचे पर्याय धरून मांडणी केली आणि ६.३ टक्के हा आकडा काढला. प्रत्यक्षात आला ६.२. निवडीच्या या सिद्धांतासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. या मांडणीतला एक निष्कर्ष बस चालवणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. एखादी सुधारणा सर्वांना सारखी हलवत नाही. ज्याची बसने जाण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, त्याच्यावर होणारा परिणाम पाच टक्के शक्यता असलेल्यापेक्षा पाचपटीहून थोडा जास्तच असतो. तिकडे पंचाण्णव टक्के शक्यता असलेला तर बस पकडणारच असतो.

म्हणजे लक्ष काठावरच्या माणसावर हवं. आठवड्यातून दोन दिवस बसने जाणारा, तीन दिवस दुचाकी काढणारा. जाताना ट्रेन आणि येताना रिक्षा घेणारी. नुकतीच नोकरी किंवा घर बदललेली मंडळी. जाहिराती मात्र बहुतेक वेळा मोटारीच्या अट्टल प्रेमिकाला उद्देशून असतात: गाडी सोडा, पृथ्वी वाचवा. त्याला त्या पटत नाहीत आणि काठावरच्याला त्यांतून काही कळत नाही. त्याला हवी असते ती माहिती अगदी क्षुल्लक असते: शेवटची बस किती वाजता, परतीचा थांबा रस्त्याच्या कोणत्या बाजूला, कार्ड कुठे भरायचं.

सवय हाही एक मोठा अडसर. रोजचा मार्ग माणूस रोज नव्याने निवडत नाही. जपानमध्ये ओसाका आणि साकाई यांच्यातला जलदगती मार्ग आठ दिवस बंद ठेवावा लागला होता, तेव्हा मोटारवाल्यांचा अभ्यास झाला. सार्वजनिक वाहतुकीने किती वेळ लागतो याचा त्यांचा आधीचा अंदाज खऱ्याहून जास्त होता. नाइलाजाने प्रवास केल्यावर तो दुरुस्त झाला, आणि अंदाज दुरुस्त झालेल्यांपैकी काही जण, मार्ग खुला झाल्यावरही, बस-रेल्वे वापरत राहिले. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ च्या भुयारी रेल्वेच्या संपात ज्यांना मार्ग बदलावा लागला, त्यांतले सुमारे पाच टक्के संपानंतर जुन्या मार्गावर परतलेच नाहीत. हे तर आधीच रेल्वेने फिरणारे लोक होते, तरी त्यांनाही आपला सर्वांत चांगला मार्ग माहीत नव्हता! म्हणून रस्ता दुरुस्तीसाठी बंद होणार असेल, नवी वसाहत उभी राहत असेल, महाविद्यालयाचं वर्ष सुरू होत असेल, तर माणसाच्या हातात महिनाभराचा पास आणि त्याच्याच घरापासूनचं वेळापत्रक तेव्हाच पडलं पाहिजे. सहा महिन्यांनी दिलेला तोच पास खिशात राहतो.

आता मुद्द्याची गोष्ट. लोकांच्या आवडी वेगळ्या आहेत म्हटल्यावर पहिला मोह होतो तो प्रत्येकासाठी वेगळी बस काढण्याचा. एक साधी, एक वातानुकूलित, एक जलद, एक खास कार्यालयांसाठी. कागदावर हे प्रवाशांचा मान राखणारं दिसतं, आणि बहुतेकदा तिथेच घात होतो. एका रस्त्यावर तासाला बारा बस आहेत असं धरा. सगळ्या एकाच प्रकारच्या असतील तर दर पाच मिनिटांनी एक, सरासरी वाट अडीच मिनिटं. त्याच बाराचे तीन प्रकार केले, तिकीट वेगळं, पास एकमेकांत चालत नाही, थांबे थोडे पुढेमागे, तर प्रत्येक प्रकाराची बस पंधरा मिनिटांनी येते आणि वाट साडेसात मिनिटांवर जाते. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, माणसं तेवढीच. फक्त प्रत्येकाचं थांबणं तिप्पट झालं. त्यात साध्या बसचा पास असलेला माणूस समोरून रिकामी जाणारी वातानुकूलित बस बघत उभा राहतो, तो चिडतो ते वेगळंच.

निवडीच्या सिद्धांतात लाल बस आणि निळी बस असं एक प्रसिद्ध कोडं आहे. अर्धे लोक मोटारीने, अर्धे लाल बसने जातात. आता निम्म्या बस निळ्या रंगवल्या. साधं सूत्र सांगतं की पर्याय तीन झाले, तेव्हा प्रत्येकाकडे एक तृतीयांश लोक, म्हणजे मोटारी कमी झाल्या! प्रत्यक्षात मोटारवाले अर्धेच राहतात आणि बसवाले दोन रंगांत वाटले जातात. सूत्रातला हा दोष अभ्यासकांनी कधीच ओळखला आणि पुढच्या सूत्रांत दुरुस्तही केला. प्रत्यक्ष नियोजनात मात्र रंगकाम अजून चालू आहे.

वेगळी जलद सेवा काढूच नये असं माझं म्हणणं नाही. वाटणी केल्यावरही प्रत्येक सेवा दर दहा मिनिटांच्या आत मिळत असेल आणि प्रवास लांबचा असेल, तर ती शोभते. दहा-बारा मिनिटांच्या पलीकडे गेलं की माणूस वेळापत्रक बघूनच घराबाहेर पडतो, आणि बस सहज पकडायची गोष्ट राहत नाही. माझ्या मते नियम असा असावा: रस्त्यावरची सेवा होईल तितकी एकच आणि दाट ठेवायची, आणि माणसामाणसांतला फरक तिकिटात, दारात, थांब्यावर आणि माहितीत सामावून घ्यायचा.

तिकिटापासूनच पाहू. महिन्याचा पास आठवड्याचे पाच-सहा दिवस ठराविक वेळी जाणाऱ्याला सोयीचा. आठवड्यातून दोन-तीन दिवसच कार्यालयात जाणाऱ्याला तो तोट्याचा, म्हणून तो सुटी तिकिटं घेतो, आणि प्रत्येक तिकिटागणिक आज बस की गाडी हा विचार नव्याने करतो. ज्याच्या हातात महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे नसतात तोही सुटी तिकिटं घेतो आणि महिनाअखेर पासवाल्यापेक्षा जास्त भरतो. दोघांच्याही अडचणीवर एकच उपाय आहे, भाड्याची कमाल मर्यादा. प्रत्येक फेरीला कार्ड टेकवायचं. दिवसाची किंवा आठवड्याची रक्कम पासाइतकी झाली की पुढचा प्रवास आपोआप फुकट. लंडनमध्ये ऑयस्टर या प्रवासी कार्डावर दिवसाची मर्यादा २००५ मध्ये आली. बँकेच्या कार्डाने भाडं भरणाऱ्यांसाठी २०१४ मध्ये आठवड्याचीही आली. कोणता पास घ्यायचा हे आधी ओळखायची कटकट त्यामुळे संपते. तशीच दुसरी सोय म्हणजे ठराविक वेळेतली दुसरी बस त्याच भाड्यात. जाळं विणताना प्रवाशाला बस बदलायला लावायची आणि वर दुसऱ्या तिकिटाचे पैसेही घ्यायचे, ही दुहेरी शिक्षा आहे.

भाडं हे वेळ सरकवण्याचंही साधन आहे. सिंगापूरने जून २०१३ पासून सकाळी पावणेआठच्या आत शहराच्या मध्यभागातल्या ठराविक स्थानकांवर उतरणाऱ्यांना रेल्वे फुकट केली होती. २०१७ च्या अखेरीस तिची जागा सवलतीने घेतली. ज्यांना वेळ सरकवता येते ते सरकतात आणि ज्यांना अजिबात सरकवता येत नाही, कारखान्याची पाळी असलेले, शाळेत मूल सोडणारे, त्यांना गर्दीच्या वेळेत थोडी जागा मिळते. एकाची लवचीकता दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

दाराचं गणित तर उघड आहे. एकाच दाराने चढणारा, रोख भाडं देणारा प्रवासी चार-पाच सेकंद घेतो. कार्ड टेकवणारा दोन-तीन. चाळीस जण चढले की फरक मिनिटाच्या पुढे जातो. सॅन फ्रान्सिस्कोने जुलै २०१२ मध्ये सर्व दारांनी चढायची मुभा दिली. ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहरात १९९१ पासून नळीच्या आकाराचे उंच थांबे आहेत. भाडं थांब्यातच भरायचं आणि बसच्या उंचीच्या फलाटावरून सरळ आत पाऊल टाकायचं. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, दुखरा गुडघा, जड सामान, सगळ्यांची सोय एकाच सपाट पृष्ठभागाने होते, आणि बस लवकर सुटते म्हणून धडधाकट माणसाचाही फायदा होतो. सपाट म्हणजे मात्र खरोखर सपाट हवं. ड्रायव्हरने बस फलाटापासून हातभर लांब लावली की सगळा खर्च वाया. म्हणून फलाटाची कड अशी घडवावी लागते की टायर तिला घासत गेला तरी फाटणार नाही, आणि ड्रायव्हरला तसं शिकवावंही लागतं.

रात्रीच्या प्रवासाची अडचण पुष्कळदा बसमध्ये नसतेच. ती थांबा ते घर या तुकड्यात असते. माँट्रियलमध्ये १९९६ पासून रात्री महिलांना दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरता येतं. त्यासाठी वेगळी बस लागली नाही, मार्ग बदलला नाही, फक्त ड्रायव्हरला तशी परवानगी दिली. अशा स्वस्त उपायांच्या वाटेत सहसा पैसा आडवा येत नाही, नियमपुस्तक येतं.

हे सगळं करूनही एका गोष्टीवर घोडं अडतं, आणि तिथे आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही, कारण ती सर्वांनाच नकोशी असते: बसचा बेभरवसा. दर दहा मिनिटांची बस खरोखर दर दहा मिनिटांनी आली तर सरासरी वाट पाच मिनिटं. तीच बस आलटूनपालटून दोन आणि अठरा मिनिटांनी आली तर? सरासरी अंतर दहाच, पण वाट ८.२ मिनिटं, कारण माणूस लहान फटीपेक्षा मोठ्या फटीत थांब्यावर येण्याची शक्यता नऊपट असते. गर्दीचंही तसंच. पहिल्या बसमध्ये पन्नास, मागच्या बसमध्ये दहा. अहवालात सरासरी तीस लिहिलं जातं, पण साठांपैकी पन्नास जणांनी खचाखच भरलेली बस अनुभवलेली असते. प्रवाशाच्या बाजूने काढलेली सरासरी ४३ येते.

बस जोडीने धावू लागतात त्यात ड्रायव्हरचा आळस नसतो. एका सिग्नलला बस मिनिटभर अडकली की पुढच्या थांब्यावर तेवढे जास्त लोक जमतात, चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला कमी लोक मिळतात, ती पुढे सरकते आणि शेवटी पहिलीला गाठते. हे आपोआप सुधारत नाही, वाढतच जातं. उपाय ठाऊक आहेत: मार्गावर दोन-तीन ठिकाणी मागची बस थोडी रोखून अंतर सारखं करणं, शेवटच्या थांब्यावर फेरीच्या वेळेच्या दहा ते पंधरा टक्के मोकळा वेळ ठेवणं, गर्दीच्या चौकात बससाठी वेगळी लेन. आणि वेळेआधी बस कधीही न सोडणं. तीन मिनिटं उशिरा आलेली बस तीन मिनिटं खाते. दर वीस मिनिटांनी बस असलेल्या मार्गावर एक मिनिट आधी गेलेली बस वीस मिनिटं खाते. दाट सेवेत बस वेळेवर होती का हे मोजण्यापेक्षा दोन बसमधलं अंतर किती सारखं होतं हे मोजावं. लंडनमध्ये बस चालवणाऱ्या कंपन्यांना बोनस किंवा दंड ठरतो तो याच तत्त्वावर: प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा किती जास्त थांबावं लागलं.

'फुकट करा म्हणजे येतील' हा सल्ला नेहमी मिळतो. एस्टोनियाच्या टॅलिन शहराने जानेवारी २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना प्रवास मोफत केला. प्रवासी वाढले, पण त्यात आधी पायी जाणाऱ्यांचा वाटा मोठा होता. गरिबाच्या दृष्टीने हा चांगला निर्णय असू शकतो, आणि तेवढ्यासाठी तो घ्यायलाही हरकत नाही. ज्याची तक्रार वाट पाहण्याची आहे त्याला मात्र फुकट तिकिटाने मिनिटही मिळत नाही. भाड्याचं उत्पन्न गेल्यामुळे फेऱ्या कमी झाल्या तर उलट त्याची मिनिटं जातात.

आणि नुसत्या गोड बोलण्याने काठापलीकडचा माणूस येत नाही, हेही मान्य करायला हवं. स्टॉकहोममध्ये ऑगस्ट २००५ मध्ये आधी जादा बस सुरू झाल्या. रस्त्यावरच्या मोटारींत त्याने फारसा फरक पडला नाही. जानेवारी २००६ मध्ये शहराच्या मध्यभागाची सीमा ओलांडून आत-बाहेर करणाऱ्या वाहनांवर शुल्क आलं, तेव्हा त्या सीमेवरची वाहनं सुमारे एक पंचमांशाने घटली. शुल्क आधी आणि बस नंतर असा क्रम असता तर लोकांनी कदाचित दोन्ही उधळून लावलं असतं. पार्किंगचंही तसंच: जिथे गाडी दिवसभर फुकट उभी राहते, तिथे बसने कितीही चांगलं धावावं, गाडीवाल्याचा हिशेब सुरू होण्याआधीच संपलेला असतो.

बदल केल्यानंतर निकाल लगेच मागू नये. भाडं किंवा फेऱ्यांतल्या बदलाचा परिणाम पहिल्या वर्षात दिसतो त्याच्या जवळजवळ दुप्पट काही वर्षांत दिसतो, कारण लोक घर, नोकरी, दुसरी गाडी घेण्याचा बेत, हे सगळं सावकाश बदलतात. तीन महिन्यांत "प्रतिसाद नाही" म्हणून फेऱ्या काढून घेतल्या की वेळापत्रकावर भरवसा ठेवून घर भाड्याने घेणारा पहिला माणूस फसतो. या काळात एकूण प्रवासीसंख्येपेक्षा कार्डांच्या नोंदी पाहाव्यात: नवीन कार्डं किती आली, त्यातली दुसऱ्या महिन्यात किती टिकली, कोणती कार्डं पाच दिवसांवरून दोन दिवसांवर आली. एकूण आकडा स्थिर असताना आत येणारे आणि गळणारे दोघेही भरपूर असू शकतात. गळालेल्यांना फोन करून "तुम्ही बस का वापरत नाही?" असं विचारू नये, त्याचं उत्तर पुन्हा "चांगली असती तर" हेच येतं. तुम्ही शेवटचं बसने गेलात त्या दिवशी काय झालं, किती वाजता, कोणत्या थांब्यावर, आणि घरी कसे पोचलात, असं विचारावं. उत्तरं मार्ग, थांबा आणि तास यांप्रमाणे लावली की दिसतं की काही थांब्यांवर दिवा नाही, काही मार्गांवर संध्याकाळची एक फेरी नेहमी रद्द होते, आणि एका ठिकाणी उतरल्यावर रस्ता ओलांडायला जागाच नाही.